अमृत फ्यूजन आणली पण बाटलीवर वयच नाही, सासरे विचारतायत, काय सांगू?

घोडबंदरचा_जावई

मंडळी प्रश्न थोडा घरगुती आहे, हसू नका. माझे सासरे नौपाड्यात राहतात, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पस्तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते, म्हणजे हातात वस्तू आली की आधी लेबल वाचणार, मग उलटी करून बूड बघणार, मग चष्मा पुसून परत लेबल वाचणार. लग्नाला सहा वर्षं झाली, आजवर त्यांच्यासमोर मी कधी ग्लास हातात घेतलेला नाही. पण मागच्या महिन्यात पंच्याहत्तरी झाली तेव्हा स्वतःच म्हणाले, जावईबापू, एकदा आपण दोघं निवांत बसू. आता एवढं म्हटल्यावर मी काय नेहमीची क्वार्टर नेणार का, म्हणून जरा चांगली घेऊ म्हणून अमृत फ्यूजन घेतली, सिंगल माल्ट, आपल्या देशातली, नाव ऐकून होतो.

तर त्यांनी बाटली घेतली, फिरवली आणि पहिलाच प्रश्न, "वय कुठेय?" मी म्हटलं कसलं वय बाबा, तर म्हणे अहो स्कॉचवर बारा लिहिलेलं असतं, पंधरा असतं, अठरा असतं, यावर अल्कोहोल किती ते लिहिलंय, पत्ता लिहिलाय, मुद्द्याचं तेवढं नाही, म्हणजे लपवतायत. आणि बाटली न उघडता शोकेसमध्ये गणपतीच्या फोटोशेजारी ठेवून दिली!! (सासूबाईंनी दोन मिनिटांत तिथून हलवली तो भाग वेगळा.)

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे इंडियन मालाला वय नसतं साहेब. ऑफिसातला एक जण म्हणतो की भारतीय व्हिस्की म्हणजे उसाच्या मळीचं स्पिरिट, त्यात वास आणि रंग, बाकी काही नाही. येत्या रविवारी परत जायचंय. खरं काय ते कोणी नीट सांगेल का? ही कंपनी कुठली, कधीची, आणि वय का लिहीत नाहीत?

कोपरीकर

वय सोड, किंमत बघ. त्या पैशात ग्लेनफिडिच आली असती, वर बारा छापलेलं, सासरे खूश, विषय संपला.

नाना_नेरूळ

कोपरीकर, तुम्ही प्रत्येक धाग्यावर ग्लेनफिडिचच सांगता, काय कमिशन वगैरे आहे का :)

जावईबापू, आधी मळीचं क्लिअर करतो, कारण तुमचा ऑफिसवाला अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे साध्या वाईन शॉपमध्ये व्हिस्की म्हणून जे खपतं त्यातल्या बऱ्याचशा मालाचा पाया मळीपासून काढलेलं न्यूट्रल स्पिरिट हाच असतो, त्यात थोडं माल्ट मिसळतात. म्हणूनच तो माल युरोपात व्हिस्की या नावाने विकता येत नाही, तिकडे व्हिस्की म्हणजे धान्यापासूनच. पण सिंगल माल्ट ही वेगळी जात आहे. फक्त मोड आणलेली बार्ली, दुसरं धान्य नाही, मळी तर नाहीच, आणि सगळं एकाच डिस्टिलरीत काढलेलं. सिंगल म्हणजे एक पिंप नव्हे हं, एक डिस्टिलरी. हा घोळ खूप जणांचा होतो.

मोड आणणं म्हणजे आपण नाचणीचं करतो तेच. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की वाळवून दळायची, त्या पिठाला एक गोडसर चव येते ना? दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची तयारी झालेली असते. बार्लीचं तसंच, ती साखर यीस्टला खाऊ घालायची आणि मग तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून वाफ धरायची. झाली व्हिस्कीची सुरुवात.

आता कंपनी. बेंगळुरूची, १९४८ सालची, संस्थापक राधाकृष्ण राव जगदाळे. आडनाव वाचून मी पण पहिल्यांदा जरा ताठ बसलो होतो. सुरुवातीची कित्येक वर्षं यांचं काम म्हणजे साधी ब्रँडी, रम, मिलिटरी कँटीनला माल देणे, असलंच. म्हणजे कुठे डोंगरकपारीत झऱ्याकाठी आजोबांनी तांब्याचं भांडं मांडलं अशी स्कॉटिश स्टाईल गोष्ट इथे नाही, सरळ धंदा होता. १९७६ ला वडील गेल्यावर मुलगा नीलकंठ राव जगदाळे यांनी कारभार घेतला आणि ऐंशीच्या दशकात बार्लीपासून माल्ट काढायला लागले, तेही सुरुवातीला ब्लेंडमध्ये घालायलाच, मॅकिंटॉश नावाचा त्यांचा ब्रँड होता त्यासाठी. बार्ली उत्तरेची, पंजाब, हरियाणा, राजस्थान. डिस्टिलरी मैसूर रोडवर कंबीपुरा म्हणून आहे तिथे.

मग नातू रक्षित, हा शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात न्यूकॅसलला एमबीए करत होता तेव्हा वडिलांनी त्याला कामाला लावलं की बाबा रे आपली माल्ट इकडे विकली जाईल का याचाच अभ्यास कर, त्याच्या प्रबंधाचा विषयच तो. ग्लासगोच्या पबमध्ये नाव न सांगता लोकांना चाखवली, लोकांना वाटलं स्कॉचच आहे, तीही जुनी. आणि २४ ऑगस्ट २००४ ला ग्लासगोतच लाँच. विचार करा, स्कॉटलंडात जाऊन भारतीय व्हिस्की विकायची, म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा विकण्यासारखं आहे. सुरुवातीची वर्षं वाईटच गेली. इकडच्या मंडळींना ती मिळायला २०१० उजाडलं, आणि तीही आधी बेंगळुरूतच.

त्याच २०१० च्या आपल्या वार्षिक गाईडमध्ये जिम मरे या इंग्लिश समीक्षकाने फ्यूजनला १०० पैकी ९७ मार्क दिले आणि जगातली तिसऱ्या नंबरची व्हिस्की म्हणून नाव घेतलं. तुमच्या हातात आहे तीच ही बाटली. त्यानंतर लोक दुकानात विचारायला लागले. नीलकंठ राव २०१९ ला गेले.

वयाचं कोणीतरी टेक्निकल माणसाने सांगा, माझी पळापळ आहे.

पाम_बीच_रनर

अमृत गोव्यात बनते ना? मी तर तिकडेच बोर्ड बघितलाय.

नाना_नेरूळ

नाही हो, गोव्यात कुंकळ्ळीला आहे ती पॉल जॉन. ती कंपनी मूळ बेंगळुरूचीच पण डिस्टिलरी गोव्यात. त्यांची सिंगल माल्ट २०१२ ला आली, ती पण आधी लंडनकडेच. एकूण आपल्याकडे परदेशातून शिक्का मारून आणल्याशिवाय घरचे विचारत नाहीत.

रबाळे_बॉयलर

टेक्निकल माणूस हजर. मी एमआयडीसीत एका केमिकल प्लँटला आहे, बावीस वर्षं सॉल्व्हंटच्या टाक्या सांभाळतोय, त्यामुळे इव्हॅपोरेशन लॉस हा शब्द मी झोपेत पण बोलतो असं बायको म्हणते.

लाकडी पिंप हवाबंद नसतं. आत भरलेलं स्पिरिट लाकडातून हळूहळू बाहेर उडत राहतं, त्याला ते लोक एंजल्स शेअर म्हणतात, देवदूतांचा वाटा. आपण जेवणाआधी ताटाभोवती चित्राहुती घालतो तसं समजा, फक्त इथे देव स्वतःच उचलून नेतो. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला साधारण दोन टक्के. बेंगळुरूला, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, कोरडी हवा, ऊन, तिथे दहा ते बारा टक्के. दरवर्षी!

आता तुमच्या सासऱ्यांना आवडेल असा हिशोब. २०० लिटरचं पिंप भरलं. स्कॉटलंडात दोन टक्क्यांनी बारा वर्षांनी उरतात जवळपास १५७ लिटर. बेंगळुरूला अकरा टक्के धरू, चार वर्षांनी उरले १२५, आठ वर्षांनी ७९, बारा वर्षांनी पन्नाससुद्धा नाहीत. म्हणजे तिथे बारा वर्षं थांबायचं म्हणजे तीन चतुर्थांश माल हवेला अर्पण. आमच्याकडे एवढा लॉस दाखवला तर मला गेटवरूनच घरी पाठवतील.

शिवाय कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं, त्यामुळे उरलेल्या मालाची स्ट्राँगनेस वाढत जाते. स्कॉटलंडात दमट हवेमुळे उलटं, तिथे वर्षं जातील तशी ती उतरते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्लँटमधल्या दोघांना कागदावर काढून दाखवलं होतं, कोणाला काही पडलेली नव्हती.

तर फ्यूजन असते साधारण चार-पाच वर्षांची. आता सांगा, बाटलीवर मोठ्या अक्षरात ४ छापलं, शेजारी स्कॉचवर १२, तर गिऱ्हाईक काय उचलेल? म्हणून छापत नाहीत. लपवालपवी म्हणायची तर एवढीच. दुकानदाराचं ते इंडियन मालाला वय नसतं हे साफ चूक आहे. हीच व्हिस्की युरोपात विकली जाते, आणि तिथला नियम आहे की लाकडात किमान तीन वर्षं झाल्याशिवाय व्हिस्की म्हणायचं नाही. म्हणजे तीनच्या खाली असूच शकत नाही.

घोडबंदरचा_जावई

हे बेस्ट झालं, आकडे वहीत उतरवून घेतले. म्हणजे इथलं एक वर्ष तिथल्या तीन वर्षांबरोबर असं सांगू का? कुठेतरी तसं वाचलं होतं. मग चार त्रिक बारा, हिशोब जुळतो.

रबाळे_बॉयलर

नका सांगू, क्वालिटीवाल्या माणसापुढे तर अजिबात नको. हा गुणाकार ऐकायला गोड आहे पण पिंपात तीन-चार वेगळ्या गोष्टी चालतात आणि सगळ्यांचा स्पीड सारखा वाढत नाही. लाकडातून रंग, व्हॅनिलाचा वास, तुरटपणा हे उतरणं, ते उन्हाने भराभर होतं. पण हवा आत-बाहेर होऊन हळूहळू जो गोलपणा येतो त्याला वेळच लागतो. कच्ची कैरी आढीत घातली की लवकर पिवळी होते, पण देवगडच्या झाडावर पिकलेल्याशी तिची तुलना... असो, आंब्यावर गेलो तर हा धागा इथेच संपेल. मुद्दा, लवकर तयार होते एवढंच म्हणा. जास्त ठेवली तर लाकूडच लाकूड लागतं, काढा प्यायल्यासारखं.

यांनी ठेवून पण बघितली आहे. आठ वर्षांची एक काढली होती २०१३ ला, नाव दिलं ग्रीडी एंजल्स, म्हणजे हावरट देवदूत. त्यावर वय छापलं होतं, अभिमानाने. आणि बाटल्या निघाल्या १४४. एवढ्या तर आमच्या सोसायटीच्या थर्टीफर्स्टला लागतात.

खाडीपलीकडची

सीवूड्सला आमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, दोन महिन्यांतून एकदा जमतो, त्यातल्या चौघी बायका आहेत हे आधीच सांगते, म्हणजे मागच्या वेळसारखं कोणी "दादा" म्हणणार नाही.

वयाबद्दल एक सांगायचं राहिलंय वर. स्कॉचवर बारा लिहिलेलं असतं तेव्हा त्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्की बारा वर्षांची असते, त्यात वीस वर्षांची पण मिसळलेली असू शकते. एक चमचा सहा वर्षांची घातली तर लेबलवर सहाच लिहावं लागतं. त्यामुळे स्कॉटलंडातले पण कितीतरी जण वय लिहीतच नाहीत. आर्डबेग उगाडाल, लाफ्रॉइगची क्वार्टर कास्क, अॅबरलोरची अबूना, कोणावरच आकडा नाही आणि लोक रांगा लावून घेतात. सासऱ्यांना सांगा, ही इंडियन खोड नाही.

आता फ्यूजनचं नाव. ७५ टक्के आपल्याकडची बार्ली आणि २५ टक्के स्कॉटलंडहून आणलेली, धूर दिलेली. तिकडे दलदलीत शेकडो वर्षं कुजलेल्या गवत-शेवाळाची माती असते, पीट, ती विटांसारखी कापून वाळवतात आणि जळण म्हणून वापरतात. मोड आलेली ओली बार्ली त्या धुरावर वाळवली की तो वास दाण्यात बसतो तो शेवटपर्यंत जात नाही. दोन्ही बार्लींची व्हिस्की वेगवेगळी काढायची, वेगवेगळी मुरवायची आणि मग एकत्र करून परत थोडे महिने पिंपात. पिंपं अमेरिकेची, बर्बन म्हणजे तिकडची व्हिस्की काढून रिकामी झालेली. बर्बनला कायद्याने दर वेळी नवंकोरं पिंप लागतं त्यामुळे जुनी सगळी जगभर विकायला निघतात, आणि त्यावर बाकीच्यांचं चालतं. जुन्या बाजारातून फर्निचर आणण्यासारखं आहे, पण हेच फर्निचर हवं असतं.

आणि हे वाचाच, फ्यूजनमध्ये अल्कोहोल ५० टक्के आहे. तुमची नेहमीची ४२.८ असते. हा ४२.८ आकडा कुठून आला माहितीये का? जुन्या ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याच्या ७५ प्रूफ म्हणजे ४२.८. जुन्या बाटल्यांवर २५ यूपी लिहिलेलं असायचं, प्रूफच्या पंचवीस खाली, ते हेच. इंग्रज गेले पण माप राहिलं. अमृतचीच एक इंटरमीडिएट शेरी म्हणून आहे, ती बरोब्बर ५७.१, म्हणजे पूर्ण १०० प्रूफ.

त्यामुळे सोडा ओतू नका प्लीज. पहिला घोट नुसता, अगदी छोटा. मग पाणी. साठ मिलीला पंधरा मिली पाणी घातलं की साधारण चाळीस टक्क्यांवर येते. फ्रीजचं नको, माठाचं किंवा साधं. बर्फाने वास बसतो. आणि चखण्याला शेव-फरसाण, चिली वगैरे नको, तिखट खाल्लं की जीभ बंद. भाजलेले बदाम, साधे शेंगदाणे, फार तर चीज.

कोपरीकर

चखणा नाही, सोडा नाही, बर्फ नाही. मग घरीच औषध म्हणून घ्या की.

खाडीपलीकडची

दादा तुम्ही ग्लेनफिडिच घ्या.

तळावपाळी

छान धागा. मी मागे बेंगळुरूला ऑफिसच्या कामाने गेलो होतो तेव्हा वाटलं होतं तिथून दोन बाटल्या आणाव्या, स्वस्त पडतील. मित्र एक्साइजच्या कामातला आहे, त्याने फोनवरच झापलं. दुसऱ्या राज्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, एअरपोर्टवर बॅगेत चालली म्हणजे राज्यात चालली असं नाही. आणि पिण्याचा परवाना पण काढून ठेवा, एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आपण कोणीच काढत नाही, तुमच्या सासऱ्यांकडे मात्र असणार याची मला खात्री वाटतेय.

घोडबंदरचा_जावई

आहे!! आजीवन आहे. लॅमिनेट केलेला आहे. तुम्ही त्यांना ओळखता का?

घोडबंदरचा_जावई

रविवारचा रिपोर्ट, कारण तीन जणांनी मेसेज करून विचारलं.

दुपारी चारला गेलो. वही काढली, रबाळेवाल्या साहेबांचा हिशोब दाखवला. बाबांनी लाइट बिलाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने परत केला, कॅल्क्युलेटर नाही, आणि म्हणाले आठ वर्षांचे ७८.७ येतात, यांनी राउंड केलंय. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणे, "बारा टक्के रिजेक्शन धरून धंदा करतात म्हणजे हिंमत आहे." हे त्यांच्या तोंडून म्हणजे पद्मश्री समजा. १९४८ साल ऐकून पण जरा सुखावले, म्हणे माझ्याहून थोडीशीच मोठी आहे की कंपनी.

बाटली उघडली. कॉर्क निघताना जो आवाज येतो तो ऐकून आतून सासूबाईंनी मिक्सर बंद केला, एवढंच. पंधरा मिली कसं मोजायचं यावर बाबांनी खोकल्याच्या औषधाचं ते छोटं प्लास्टिकचं झाकण आणलं, पाच मिलीची खूण असलेलं, धुऊन पुसून. तीन झाकणं पाणी, बरोब्बर, वाकून डोळ्याच्या लेव्हलला धरून. माझ्या ग्लासात पण त्यांनीच घातलं.

आधी नुसता घोट घेतला तेव्हा डोळे बारीक केले आणि मान हलवली, मला वाटलं संपलं. पाणी घातल्यावर नाकाशी धरून बराच वेळ बसले. मग म्हणाले, हुरड्याचा वास येतोय. आधी मला लागेना, मग लागला, खरंच, शेतात आगटी विझत आल्यावर जो धूर अंगाला बसतो ना, शर्ट दुसऱ्या दिवशी कपाटातून काढला की येतो तसा. त्याच्यामागून काहीतरी गोड, मला चिक्कीसारखं वाटलं, ते म्हणे नाही, काकवी. मग त्यांच्या आजोळचं गुऱ्हाळ निघालं, नगरकडचं, रात्री चुलवणाजवळ झोपायचे ते, तासभर तेच चाललं. सहा वर्षांत एवढं बोललेले मी ऐकले नव्हते. दोन-दोन झाल्या, जास्त नाही.

कोथिंबीर वडी आली होती, तिखट होती, खाल्ली. सॉरी ताई.

निघताना त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली आणि लेबलच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारली, शेजारी तारीख. मी म्हटलं बाबा, हे पिंप नाहीये, बंद बाटलीत एंजल्स शेअर नसतो. तर म्हणे देवदूतांचं मला माहिती नाही, पण मला दोन मुलगे आणि एक जावई आहे.